नदीकाठचा पालक

आमचं शेत तालुक्याच्या गावाखाली, नदीच्या काठाला. गावाची सगळी गटारं वरच्या अंगाला नदीत उतरतात, आणि तिथंच जुन्या बॅटऱ्या फोडायची एक शेड आहे. उन्हाळ्यात नदीला दुसरं पाणीच नसतं. तेच काळं पाणी मोटार लावून आम्ही पालकाला द्यायचो. पालक असा यायचा, की बाजारात सासूची पाटी सगळ्यांच्या आधी रिकामी व्हायची. मी माहेरी मेहकरला जातानाही पिशवीत जुड्या टाकून न्यायची.

मागल्या हिवाळ्यात नणंदेची मुलगी सुटीत आली. ती कृषी महाविद्यालयात शिकते. जाताना तिने आमच्या वावरातला पालक आणि थोडी माती तपासायला नेली. सासूने हसत मोठी जुडी बांधून दिली; उरला तर भाजी कर म्हणाली.

पुढे तिचा फोन आला, तेव्हा आम्ही दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी जुड्या बांधत होतो. पानांत शिसं आणि कॅडमियम निघालं होतं, खाण्यात चालेल त्याहून जास्त. मिठाच्या पाण्यात धुतलं तर, असं मी विचारलं. ती म्हणाली, मामी, ते पानावर नाही, पानात आहे. मुळातून चढतं, धुऊन किंवा शिजवून जात नाही. लहान लेकरांना आणि पोटुशी बाईला त्याचा धोका जास्त.

सासूला पटलं नाही. इतकी वर्षं आपण हेच खातो, कोणाला काय झालं, असं तिचं म्हणणं. नवरा म्हणाला, काढलेला माल विकून टाकू, मग बघू. मी वाद घातला नाही, पण त्या संध्याकाळी पोरांच्या ताटात पालक वाढला नाही. सासूने ते पाहिलं.

बाजारात मी तिच्याशेजारी बसले होते. आमचं नेहमीचं एक गिऱ्हाईक आलं, शाळेमागच्या एका घरची सून. पोट चांगलं दिसत होतं. डॉक्टरांनी पालेभाजी खायला सांगितली म्हणून ती दोन जुड्या मागत होती. सासूने जुड्या उचलल्या, तिच्या पिशवीपर्यंत हात नेला आणि मागे घेतला.

"हे नको नेऊ, पोरी. आमचं पाणी चांगलं नाही."

"काऊन? दर बाजारी तं नेते मी."

"तवा मले मालूम नव्हतं."

मग तिने पाटीवर पोतं टाकलं. घरी आल्यावर नवरा चिडला, पण सासूपुढे त्याचं चाललं नाही. म्हशीला घालावं तर दुधाची भीती. शेवटी त्यानेच वावराच्या कोपऱ्यात खड्डा करून सगळं पुरलं.

बाजारात बातमी फिरली आणि नदीकाठच्या कोणाचाच पालक उठेना. शेजारचा शेतकरी घरी येऊन म्हणाला, तुमच्या तोंडामुळे आमचा धंदा बसला. सासूने त्याला चहा दिला आणि तुझीही भाजी तपासून घे म्हणाली. त्याने घेतली नाही. आम्ही प्रदूषण मंडळाकडे अर्ज केल्यावर साहेब लोक येऊन बाटल्यांत पाणी भरून गेले. शेड अजून चालू आहे.

मातीत बसलेलं लवकर निघत नाही, असं भाचीने सांगितलं. म्हणून त्या तुकड्यात आता झेंडू आहे. विकतो बरा. सासूचं मात्र त्यात मन लागत नाही. भाजीची गिऱ्हाइकं घरचं-दारचं बोलत बसायची, फुलं घेणारे घाईत असतात, असं ती म्हणते.