दुखानच्या फायर ड्रिलमधला टँगो

भालेराव साहेब माझ्या क्लिनिकच्या दारात अडकले होते. आत नाही, बाहेर नाही, बरोबर मधोमध. त्यांच्यामागे एक व्हीलचेअर, दोन पेशंट आणि त्यांची बायको मंगलवहिनी, असा ट्रॅफिक जॅम झाला होता.

"अहो, चला ना," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी नवऱ्याला पाठीत हलकेच ढकललं.

"वहिनी, ढकलू नका. तोंडावर पडतील."

"मग काय, कुंडीसारखं इथेच ठेवू यांना?"

मी ग्रेसी, फिजिओथेरपिस्ट. माहेर वसई, नोकरी दोह्यात. भालेराव नाशिकचे, दोह्यापासून तासाभरावरच्या दुखान गावी तेल कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर. वय त्रेपन्न, आजार पार्किन्सन्स. त्यात हात थरथरतात हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून वाईट प्रकार म्हणजे फ्रीझिंग. चालता चालता पाय जमिनीला चिकटतात. ताकद असते, इच्छा असते, पण मेंदूचा हुकूम पायापर्यंत पोचत नाही. दार आलं, वळण आलं, अरुंद जागा आली की हे व्हायचंच. कोणी घाई केली की पाय आणखी घट्ट चिकटतात.

कंपनीने त्यांना पाच आठवडे दिले होते. कामाबद्दल कोणाची तक्रार नव्हती, माणूस खुर्चीत बसून दोघांचं काम करायचा. पण सेफ्टीचा नियम म्हणजे नियम. आगीचा अलार्म वाजला की प्रत्येकाने स्वतःच्या पायांनी ठरलेल्या वेळात बाहेर पडायचं. मागच्या फायर ड्रिलला, म्हणजे त्याच्या सरावाला, भालेराव मेन गेटच्या दारात गोठले आणि अख्खं डिपार्टमेंट त्यांच्यामागे तुंबलं. आता पुढच्या ड्रिलला त्यांची खास टेस्ट होणार होती. नापास झाले तर मेडिकली अनफिट, व्हिसा खलास, गाशा गुंडाळून नाशिक. मुलगी इथे बारावीला होती. तिला परीक्षेच्या तोंडावर कुठल्या शाळेत नेऊन बसवणार?

मी माझी सगळी हत्यारं काढली. जमिनीवर पिवळ्या पट्ट्या चिकटवल्या. डोळ्यांना पट्टी दिसली की पाय ती ओलांडायला उचलतो, असा तो उपाय आहे. पट्ट्यांवरून भालेराव झकास चालले. पण कंपनी काय त्यांच्यासाठी दुखानभर पट्ट्या मारणार होती? मग मेट्रोनोम लावला, म्हणजे टकटक वाजणारं ॲप. त्या तालावर ते दारापर्यंत यायचे, थांबायचे, टकटक पुढे निघून जायची आणि मागे राहिलेला माणूस घामाघूम व्हायचा. दोन आठवडे असेच गेले. मी घरी चिडचिड करू लागले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक डान्स स्टुडिओ आहे. तिथे दर मंगळवारी क्लारा नावाची अर्जेंटिनाची बाई टँगो शिकवते. तिचं संगीत छतातून गळतं. आमचे मॅनेजर थॉमससर केरळचे, त्यांना शांतता लागते. त्यांनी बिल्डिंगवाल्याकडे दोनदा तक्रार केली होती.

त्या मंगळवारी भालेराव निघताना पुन्हा दारात गोठले. वर संगीत सुरू झालं. पेटीच्या लांबच्या नातेवाइकासारखं एक वाद्य हुंदके देत होतं. मग ते एकदम थांबलं, दम खाल्ला, आणि पुन्हा निघालं. त्यासरशी भालेरावही निघाले. सरळ लिफ्टपर्यंत.

"साहेब, काय केलंत?"

"काही नाही. ते थांबले होते, म्हणून मी थांबलो. ते निघाले, मी निघालो."

मी जिना चढून थेट क्लाराकडे गेले. तिचं इंग्लिश माझ्या स्पॅनिशपेक्षा बरं, म्हणजे बेताचंच. तिने सांगितलेलं असं: टँगोत थांबणं ही चूक नाही, ती नाचातलीच एक जागा आहे. थांबायचं, समोरच्याला धरून राहायचं, वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं, आणि आतून वाटेल तेव्हा मोठं पाऊल टाकायचं.

मी कपाळाला हात लावला. थांबा, वजन हलवा, मोठं पाऊल टाका, हे आमच्या फिजिओच्या पुस्तकात फ्रीझिंगच्या धड्यात शब्दशः दिलंय. फक्त आम्ही ते भिंतीवरच्या तक्त्यातून शिकवतो आणि हे लोक एकमेकांच्या गळ्यात पडून शिकतात.

पुढचं सोपं असेल असं मला वाटलं, कारण मी वसईची. आमच्याकडे लग्नात बँड सुरू झाला की सासूसुद्धा सासऱ्याच्या कमरेला धरून नाचते. पण समोर नाशिकचे भालेराव आहेत हे मी विसरले.

"यांना मिठी मारायची? इथे? दिवसाढवळ्या?" मंगलवहिनी म्हणाल्या.

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"पंचवीस. म्हणून काय झालं?"

ही बाई दुखान हायवेवर ट्रेलरला ओव्हरटेक करत नवऱ्याला माझ्याकडे आणायची. आजारामुळे त्यांचं गाडी चालवणं थांबलं म्हणून वहिनी पन्नाशीच्या तोंडावर ड्रायव्हिंग शिकल्या होत्या. पण पार्किंगमध्ये उतरल्या की नवऱ्याच्या दोन पावलं मागे. लग्नापासूनची सवय. टँगोत बाईला पुरुषाच्या समोर, तोंडाकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

पहिल्या दिवशी दोघं असे उभे राहिले, की मध्ये एक सिलिंडर मावला असता. थॉमससर डोकावले.

"ग्रेसी, ये क्लिनिक है या मॅरेज हॉल?"

"सर, पेशंट चल रहा है."

"फाइल में क्या लिखेगी?"

"गेट ट्रेनिंग, विथ म्युझिक." गेट म्हणजे आमच्या भाषेत माणसाची चाल.

ते मान हलवत गेले. पण तक्रार केली नाही, उलट दार लोटून घेतलं.

खरी अडचण वेगळीच निघाली. भालेराव थांबले की वहिनी त्यांना ओढायच्या. मी सांगितलं, "वहिनी, ते थांबले की तुम्हीही थांबा. काही करू नका."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

बाईच्या जातीला याहून अवघड व्यायाम मी आजवर दिलेला नाही.

चौथ्या आठवड्यात ते जमलं. गाणं चालू असताना भालेराव खोलीच्या मधोमध गोठले. वहिनींचा हात ओढायला निघाला आणि परत आला. त्यांनी कपाळ नवऱ्याच्या छातीवर टेकलं आणि नुसत्या उभ्या राहिल्या. कोणीतरी स्पॅनिशमध्ये जीव तोडून गात होतं. आम्हा तिघांना एक अक्षर कळत नव्हतं. वहिनी रडायला लागल्या.

"आजाराचं नाव कळल्यापासून मी यांना नुसती ढकलतेय हो, ग्रेसी."

भालेरावांनी वजन डावीकडे नेलं, उजवीकडे नेलं, आणि बायकोला घेऊन निघाले. हे संगीत कुठल्या मुलखात जन्मलं आणि कतारच्या तिसऱ्या मजल्यावर कोणाला रडवतंय, याचा विचार करत मी उगाच पडदे सारखे केले. त्यातल्या दुःखाला कुठे पोचायची घाई नाही, म्हणून ते आपलं वाटत असावं.

टेस्टच्या दिवशी मी क्लिपबोर्ड घेऊन दुखानला गेले. प्लॅन फुलप्रूफ होता: भालेरावांच्या कानात इअरफोन आणि इअरफोनमध्ये टँगो. सेफ्टी ऑफिसर इजिप्तचा, हातात स्टॉपवॉच. त्याने इअरफोन बघितले आणि हात पुढे केला.

"अलार्म कसा ऐकू येणार? काढा."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतक्या वर्षांची मी फिजिओ, आणि अलार्मच्या टेस्टला माणसाचे कान बंद करून पाठवत होते. वहिनींना बिल्डिंगमध्ये यायची परवानगी नव्हती. त्या बाहेर पार्किंगमध्ये, सगळ्यांनी जमायच्या जागी, पर्स छातीशी धरून उभ्या होत्या.

अलार्म कर्कश वाजला. केबिनचं दार पार झालं. कॉरिडॉरचं दार पार झालं. मेन गेटच्या काचेच्या दारात भालेराव गोठले. मागे सगळं डिपार्टमेंट थबकलं.

"यल्ला, यल्ला," म्हणजे चला, चला, असं ऑफिसर म्हणाला.

"यल्ला नको. चूप राहा जरा," मी म्हणाले. मराठीत म्हणाले, पण त्याला समजलं.

भालेरावांनी डोळे मिटले. डावा हात वर उचलला. उजवा हात पुढे नेऊन कोणाच्या तरी पाठीवर ठेवावा तसा हवेत ठेवला. पन्नास लोकांसमोर. नाशिकचा माणूस. वजन डावीकडे, वजन उजवीकडे. अलार्म बोंबलत होता. मग एक मोठं पाऊल, त्यामागे दुसरं, आणि ते हवेला कवेत घेऊन दाराबाहेर पडले ते थेट वहिनींपाशी पोचले.

ऑफिसरने स्टॉपवॉच दाबलं, दोनदा बघितलं. "वेळेत आहे. पण हे काय होतं?"

"टँगो."

वहिनींनी नवऱ्याला आपादमस्तक न्याहाळलं. "उजवा हात फार खाली गेला होता तुमचा," म्हणाल्या. मग त्यांचा हात धरून गाडीकडे निघाल्या. मागे नाही, शेजारून.

या सगळ्यातून मी शिकले ते एवढंच, की अडकलेल्या माणसाला ढकलू नये. खरं तर हे मला कॉलेजच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. भालेरावांचा आजार बरा झालेला नाही, गोळ्या चालू आहेत. पण नोकरी आहे आणि मुलीने बारावी इथेच दिली.

टेस्टच्या त्या दिवशी फॉर्म मला भरायचा होता. 'चालताना लागणारं साधन' असा एक रकाना होता. काठी, वॉकर, व्हीलचेअर, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढे लिहिलं: पत्नी. प्रत्यक्ष हजर असण्याची गरज नाही.

ऑफिसरने ते वाचलं, माझ्याकडे बघितलं, आणि शिक्का मारला.