रॉनची गाडी आणि काळी टोपी

चार माणसं रोज एका गाडीत बसली, की किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. सीटखाली बिस्किटांचा चुरा साठतो तसे तेही साठतात!

आमची गाडी रॉनची. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या ऑफिसात तो आमच्या टीममधला, रिटायरमेंटला टेकलेला. बसस्टॉपवर कुडकुडणारे आम्ही तिघं त्याला दिसलो आणि रोजची लिफ्ट सुरू झाली. तिघं म्हणजे पुण्याची मी, नागपूरचा मंगेश आणि पन्नाशीतले अरविंद जोशी, म्हणजे आमचे जोशीकाका. अट एकच : गाडीत अमेरिकन कंट्री म्युझिकच वाजणार, आणि तेही नव्वदच्या दशकातलं.

*

त्या गायकांची नावं आमच्या डोक्यात शिरेनात. सीडीच्या कव्हरवर सगळेच काउबॉय टोपी घालून उभे! मग आम्हीच बारसं केलं. उडत्या चालीचा तो 'काळी टोपी'. गिटार हुंदके देत असताना बायकोच्या आठवणीत रडणारा 'पांढरी टोपी'. आणि प्रत्येक गाण्यात नवऱ्याला फैलावर घेणारी ती 'भांडखोर बाई'.

एका सोमवारी रॉनने गाडी सुरू करता करता अगदी गंभीरपणे विचारलं, "सो, काळी टोपी ऑर भांडखोर बाई?"

*

रॉन आणि त्याची बायको मॉरीन रविवारी दुपारी सोशल क्लबात गायचे. तो गिटार घ्यायचा, दोघं आलटून पालटून एकेक कडवं म्हणायचे. तिथे लाइन डान्सही चाले. सगळे एका दिशेला तोंड करून नाचतात आणि मग एकदम वळतात. मंगेश हटकून उलटा वळायचा.

"काय बाप्पा, सगळेच उलटे वळून राहिले!" तो कुरकुरला.

मागच्या रांगेतली मॉरीन त्याच्या नेमकी समोर यायची. ती म्हणाली, "तूच एक आहेस लव्ह, ज्याच्याशी नाचताना गप्पा मारता येतात!"

*

जोशीकाकांनी पहिल्याच आठवड्यात डॅशबोर्डवर बोटं वाजवून निकाल दिला होता, "अहो, हा तर आपला केरवा!" मॉरीनने ते मनावर घेतलं आणि तबल्यासकट त्यांना क्लबात बोलावलं.

काका काउबॉय टोपी चढवून स्टेजवर मांडी घालून बसले. मागून ओरडा झाला, "टोपी दिसतेय, माणूस कुठाय?" उंच जागा एकच होती, बिलियर्ड्ससारख्या खेळाचं पूल टेबल. काका तबला घेऊन तिकडे निघाले. केअरटेकर हातातला मग आपटत धावत आला, "नो शूज ऑन माय टेबल!"

काकांनी बूट कधीच काढून ठेवले होते. शिवाय ते टेबलाला नमस्कार करून चढले. केअरटेकरने पुढे सगळ्या क्लबाला सुनावलं, "याला म्हणतात मॅनर्स!"

*

मग मॉरीन आजारी पडली आणि चार महिन्यांत गेली.

तीन आठवड्यांनी रॉन आम्हाला न्यायला आला. स्टिरिओ बंद. दुसऱ्या दिवशीही बंद. जोशीकाकांची बोटं सवयीने डॅशबोर्डकडे जायची, मग ते दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. मंगेशने एकदा हळूच विचारलं, "रॉन, काळी टोपी?"

"नॉट टुडे, सन," तो म्हणाला. असे दोन महिने गेले. हा माणूस आता पुन्हा गाणार नाही, असंच आम्हाला वाटायला लागलं.

*

क्लबाने मॉरीनच्या आठवणीत एक रविवार ठेवला. रॉन गिटार घेऊन उभा राहिला आणि त्याने दोघांचं नेहमीचं गाणं धरलं. त्याचं कडवं झालं. तिचं कडवं आलं आणि त्याचा आवाज बसला. गिटारही थांबली. "सॉरी," तो पुटपुटला आणि पट्टा गळ्यातून काढायला लागला.

सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले.

तेवढ्यात मागून, नाट्यगृहात बसल्यासारखा खणखणीत आवाज आला, "वन्स मोअर!"

जोशीकाका! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अख्खा क्लब वळून बघायला लागला. आणि मंगेश, तोही ओरडला, "वन्स मोअर!"

रॉनने डोळे पुसले. "अरविंद," तो म्हणाला, "अरे, अजून एकदाही पूर्ण झालं नाही."

"म्हणूनच म्हणतोय," काका म्हणाले. ते उठले, तबला घेऊन पूल टेबलापाशी गेले आणि खाली वाकून बूट काढायला लागले.