सव्वापाचचं ऊन

ढग दिसला म्हणून चिडणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच झाला आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. दाजी बिडकीनच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं. लोक आभाळाला हात जोडत होते आणि दाजी दर रविवारी एसटीनं शहरात येऊन लष्करी छावणीतल्या दगडी चर्चसमोर घडीची खुर्ची टाकून बसत. त्यांना संध्याकाळी सव्वापाचचंच ऊन हवं असे. धुळीतून गाळून आलेलं ते पिवळं ऊन दर्शनी भिंतीवर जेमतेम वीस मिनिटं टिकायचं. कधी ढग आडवा यायचा, कधी ऊन त्यांच्या मते ‘कच्चं’ असायचं. पेन्सिलीची आखणी तेवढी घेऊन कागद परत जायचा. “फोटो काढा आणि घरी रंगवा की,” असं मी एकदा म्हणालो, तर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

बोअरच्या पाण्यानं चित्रातल्या आभाळावर खार उठतो, म्हणून टँकरचं गोडं पाणी ते रंगांसाठी बाटलीत भरून आणत आणि स्वतः बोअरचं मचूळ पाणी पीत. चर्चच्या फादरनी एकदा कळवळून माठातलं गार पाणी दिलं, तर दाजींनी त्यात ब्रश बुडवला. फादर भला माणूस. चर्च चित्रात मधोमध यावं, एवढीच त्यांची इच्छा. दाजींनी ते पार उजव्या कडेला ढकललेलं, बाकी सगळं मोकळं मैदान. “मधोमध घेतलं की पासपोर्टचा फोटू व्हतो, फादर. त्याला श्वास घ्यायला जागा नको व्हय?”

मग रस्त्यापलीकडे, पश्चिमेला, एक इमारत उभी राहू लागली. दर रविवारी तिची सावली चर्चच्या भिंतीवर आणखी वर चढलेली असे. दाजी हादरले. मिस्त्रीला जाऊन म्हणाले, “दोन-चार रविवार दम धरा की.”

“गुरुजी, स्लॅब कुणासाठी थांबत नाय,” मिस्त्री म्हणाला.

शेवटी एका रविवारी, मीही सोबत असताना, दार, खिडक्या, भिंत सगळं सावलीत गेलं. ऊन उरलं ते फक्त वरच्या घंटेवर. आता दाजी खुर्चीची घडी करणार, असं मला वाटलं. त्यांनी बाटली उघडली आणि वीस मिनिटांत चित्र संपवलं.

फादर वाकून म्हणाले, “सगळं निळंच दिसतंय. ऊन कुठंय?”

“जेवढं ऱ्हायलंय तेवढं घेतलं,” दाजी म्हणाले.

आता सव्वापाचला त्या घंटेवरही ऊन येत नाही. तिथून जाताना मी तरीही मान वर करतो, आणि दाजींना ‘फोटो काढा’ म्हटल्याची मला लाज वाटते.