खडकामागची चांदणी

वडिलांना उचललं, तेव्हा मला टाकीची आठवण झाली होती. हे सगळ्यात आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना स्वतःला सूट देता येणार नाही.

विस्तवाचं मडकं हातात धरून मी दारात उभा होतो. मागे बाहेरच्या खोलीतून पंपाची बारीक घरघर ऐकू येत होती. आता बायका घर धुतील आणि भरलेलं पाणी ओतून टाकतील, हे मला ठाऊक होतं. आमच्याकडे मयत दाराबाहेर गेलं की घरात पाण्याचा थेंब ठेवत नाहीत. हंडे, कळशा, माठ, पिंप, सगळं पालथं होतं. ‘तेवढ्या काचेच्या टाकीला हात लावू नका’ एवढंच एक वाक्य मला बोलायचं होतं. पण अंगणात भावकी उभी होती. बाप समोर तिरडीवर आणि पोराला टाकी सुचते, असं कुणी म्हणेल, या लाजेनं मी गप्प राहिलो आणि चालू लागलो.

ती टाकी समुद्राच्या पाण्याची होती. देवळाली प्रवऱ्यात, चहूकडे ऊस असलेल्या घरात, मी समुद्राची टाकी ठेवली होती. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. कुठलाही छंद आधी पुस्तकातून वाचायचा आणि मग भीत भीत करायचा, ही माझी रीत. गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात समुद्राचं मीठ विरघळवायचं, खारटपणा मापकावर तपासायचा आणि मगच ते पाणी टाकीत घालायचं. खडक आणि प्रवाळ नीट रुजल्यावर एक तारामासा आणला. निळा, पाच हातांचा. पिशवीतून काढून थेट टाकीत सोडता येत नाही त्याला. पाण्याचा बदल त्याला सोसत नाही, म्हणून टाकीतलं पाणी थेंब थेंब मिसळत राहावं लागतं. ते करत मी अख्खी दुपार स्टुलावर बसून होतो, तेव्हा वडील बघून गेले होते.

“आमी जल्मभर रानातलं मीठ काढतोय,” ते म्हणाले, “आन तू इकत आनून पान्यात घालतो व्हय?”

त्यांचं म्हणणं खरंच होतं. कॅनॉलच्या पाण्यानं आमचं खालचं रान खारवट झालं होतं. उन्हाळ्यात त्यावर पांढरी साय धरायची आणि तिथला ऊस गुडघ्याच्या वर जायचा नाही.

मग ते आजारी पडले आणि त्यांची खाट बाहेरच्या खोलीत आली, टाकीसमोर. आधी ते पाठ करून निजायचे. पुढे पुढे माझ्याकडे तोंड न वळवताच विचारू लागले, “ती चांदनी कुटं गेली?” तारामाशाला त्यांनी दिलेलं नाव तेवढंच. मी कॉलेजातून आलो की मला त्या दिवसाची बातमी मिळायची. सकाळी ती तळाशी होती, जेवायच्या वेळेला काचेवर चढली, आता एक हात वर करून बसलीय. हिला घाई कशी ती नाहीच, असं म्हणायचे. दुखण्याबद्दल ते मला काही सांगत नसत, आणि मलाही विचारायला जमत नसे. आम्ही चांदणीबद्दल बोलायचो.

स्मशानातून परत आलो. दारात लिंबाचा पाला चावला, अंगावर पाणी घेतलं आणि आत पाऊल टाकलं. पंपाचा आवाज घरघरीऐवजी कोरडा, खरवडल्यासारखा येत होता. टाकी अर्ध्याच्या खाली गेली होती. वरचे प्रवाळ उघडे पडून मलूल झाले होते. कोपऱ्यातलं तयार खाऱ्या पाण्याचं पिंपही पालथं होतं. टाकीशेजारी आत्या बादली घेऊन उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. मिरजगावाकडे दिलेली. तिकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. पाणी ओतून देणं तिच्यासाठी किती जड असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

“लई पानी हाय रं ह्या पेटीत,” ती म्हणाली. “एकटीनं उपसलं. बाकीच्या हातच लावीनात. भावाच्या उशाजवळचं पानी, ठिवायचं कसं?” मग ओट्यावरच्या घंगाळाकडे बोट दाखवून म्हणाली, “त्याची चांदनी मातर मी जपून काडली. कोरडी पडली आसती. नळाचं चांगलं पानी घालून ठिवलीय बग.”

तारामाशाच्या अंगात समुद्राचंच पाणी खेळत असतं. नळाचं चांगलं पाणी म्हणजे त्याला विषच. चांदणी घंगाळाच्या तळाशी उताणी पडली होती आणि तिच्या हातांची टोकं ढिली पडली होती.

“अडाणी!” मी ओरडलो. “कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला? मारलीस तिला!”

घर भरलेलं होतं. बायका होत्या, स्मशानातून माझ्यासोबत परतलेले पुरुष होते. नुकताच भाऊ गेलेल्या, माझ्या आईच्या जागी असलेल्या बाईला मी सगळ्यांसमोर अडाणी म्हणालो. दिवसभर माझा आवाज एकदाही चढला नव्हता, तो त्या वेळी चढला. आत्यानं बादली हळूच खाली ठेवली.

“पानी ओतायचं आसतं रं बाळा,” एवढंच म्हणाली.

मी मीठ कालवलं, पाणी भरलं, चांदणीला परत सोडलं. सुतकात बसलेला मुलगा हे करतोय, तरी कुणी हटकलं नाही. तेही माझ्या ओरडण्यामुळेच. पण आत्या भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागली, “भाऊ तर गेलाच, आन पोराची चांदनी मी मारली आसती.” माणसं वडिलांसाठी आलेली असायची, आणि आत्या त्यांना टाकीपाशी नेऊन आपला गुन्हा दाखवायची. मी कोपऱ्यात घोंगडीवर बसून ऐकायचो. ‘आत्या, तुझी चूक नाही, मी सांगायला हवं होतं’ हे वाक्य तोंडात यायचं आणि तिथंच राहायचं.

तिसऱ्या दिवशी पहाटे चांदणीचा एक हात गळून वेगळा पडला होता. उरलेल्या अंगावर पांढरे चट्टे होते. बोट लावलं तर ते ओल्या पिठासारखं सुटून आलं. बायकोनं आणि मी तिला वाटीत काढलं आणि मागे कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरलं. चूळ भरून आत आलो, तो आत्या टाकीपुढे बसलेली.

“आज दिसंना ती?”

“खडकामागं आहे,” मी म्हणालो.

“बरी हाय ना?”

“बरी आहे.”

आत्यानं दोन्ही हातांची बोटं कानशिलावर मोडली.

त्या दिवसापासून ती येणाऱ्याजाणाऱ्याला वेगळंच सांगू लागली. चांदणी वाचली. खडकामागं बसलीय. बिचारी भ्यालीय. आत्या नीट जेवू लागली, वडिलांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायला लागली. “सांगून टाका ना त्यांना,” बायको म्हणायची. मी म्हणायचो, दहावा होऊ दे.

दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला. कावळे होते, पण लांब बाभळीवर. ऊन चढलं तरी एकही उतरेना.

“जित्तेपनी तरी कुटं येळंवर जेवला हा!” भावकीतले एक म्हातारे म्हणाले. दोघंतिघं हसले. कुणी म्हणालं, उसाचं सांगा. कुणी म्हणालं, खालच्या रानाचं सांगा, त्याचा जीव त्या रानात होता. मी हात जोडून एकेक कबूल करत गेलो. कावळे हलले नाहीत.

तेवढ्यात आत्या बायकांमधून पुढे आली.

“भाऊ, तुझी चांदनी आमी जपू,” ती पिंडाकडे बघून मोठ्यांदा म्हणाली. “माज्या हातनं चुकलं रं. पर ती हाय, जित्ती हाय. शीव आता, नको आसा रुसू.” मग माझ्याकडे वळली. “बाळा, तू बोल. तुज्या तोंडून ऐकू दी त्याला.”

सगळे माझ्याकडे बघत होते. सगळ्यांच्या मागे माझी बायको मान खाली घालून उभी होती. मी पिंडासमोर वाकलो आणि म्हणालो, “चांदणी जपतो.”

कावळा आला. बाभळीवरून सरळ खाली येऊन त्यानं घास उचलला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आत्या तिथंच वाळूत बसून रडायला लागली. भावाच्या मरणाचं रडं तिला तेव्हा कुठं मोकळं आलं. मी कावळाबिवळा मानत नाही. भुकेला पक्षी माणसं स्तब्ध झाली की उतरतो, हे मी वर्गात सांगितलेलं आहे. तरी त्या वेळी मान वर करून त्या पक्ष्याकडे बघण्याचं माझं धाडस झालं नाही.

परवा मासिक श्राद्धाला आत्या पुन्हा आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी टाकीपाशी गेली. शेजारची एक बाई सोबत होती.

“माज्या हातनं मरता मरता वाचली ती,” आत्या तिला सांगत होती. आवाजात थोडा अभिमान होता. “भावाचा जीव हुता तिच्यात. थांब, दिसंल आता.” तिनं पदरानं काच पुसली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत शोधू लागली. शेजारीणही वाकली. स्वयंपाकघराच्या दारातून बायको माझ्याकडे बघत होती.

“कुटं रं, बाळा? आज बी मागंच?”

सांगायचं मी ठरवलं होतं. शब्दही ठरवले होते. उठून टाकीजवळ गेलो. आत्यानं मला जागा करून दिली आणि माझ्या बोटाची वाट बघत राहिली.

“दिवसा तिला उजेड सोसत नाही,” मी म्हणालो आणि टाकीचा दिवा बंद केला.