साडूंच्या छातीतला रस्ता

माझ्या साडूंइतका भाग्यवान माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि हे मी चांगल्या मनाने म्हणत नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान डोंगरकड्याला मास्तर होते, मी तहसिलीत कारकून. मी दुचाकी घेतली त्याच महिन्यात त्यांच्या दारात चारचाकी उभी राहिली. त्यांच्या केळीचा घड उचलायला दोन माणसं लागायची. माझ्या कुंडीतल्या मिरचीवर मात्र पानं मुरडणारा बोकड्या पडायचा. पण खरी कमाल त्यांनी दुखण्यात केली. माझ्या छातीत दुखलं तेव्हा डॉक्टरांनी ‘गॅस आहे’ म्हणून एक गोळी दिली. पुढच्याच वर्षी साडूंच्या छातीत दुखलं आणि त्यांना एकदम दोन स्टेंट बसले. अख्खं गाव भेटायला लोटलं. आमच्या गॅसची चौकशी सख्ख्या मेव्हणीनेही केली नव्हती!

तेव्हापासून त्यांचा तोराच बदलला. स्टेंटचं कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ते सदऱ्याच्या खिशात ठेवत. वारंगा फाट्यावर चहा पिताना हॉटेलवाल्याला दाखवून म्हणत, “साडेतीन एमएमचा हाय! असातसा न्हाई.” लग्नाच्या पंगतीत शेजाऱ्याचं मनगट धरून ठोके मोजत आणि गंभीरपणे सांगत, “ब्याण्णव. भात कमी घ्या.” लोक खरंच भात कमी घेत. माझं असं कोणी कधी ऐकलं नाही. “दाजी बघा, रोज कसे चालायला जाऊन राहिले,” असं सकाळी बायको म्हणायची, आणि मी पांघरुणात कूस बदलायचो.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक. “चार पावलं चाललं की छाती आवळून येते. घरी सांगू नका. नांदेडला येता का संगं?”

घरात दोन कर्ते मुलगे असताना फोन मला! काळजी वाटलीच, पण खरं सांगायचं तर, मनात गुदगुल्याही झाल्या. त्याची लाज आजही वाटते.

स्टेंटच्या आत रक्तवाहिनी पुन्हा अरुंद झाली आहे का, हे डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफीने पाहायचं ठरवलं. “बारीक स्टेंट असला की धातूमुळे आतलं नीट दिसत नाही. तुमचे रुंद आहेत, दिसेल,” ते म्हणाले. एरवी ही वाहवा साडूंनी महिनाभर मिरवली असती. त्या दिवशी ते हसलेसुद्धा नाहीत. फोटो स्वच्छ यायला नाडी साठच्या आसपास हवी होती आणि त्यांची अठ्ठ्याण्णवला धावत होती. गोळी देऊन तासभर शांत बसायला सांगितलं.

“तुमी बोला,” ते मला म्हणाले.

“काय बोलू?”

“कायबी. तुमचा आवाज ऐकून बरं वाटते.”

तीस वर्षांत पहिल्यांदा मी बोललो आणि साडूंनी ऐकलं. मिरचीवरच्या रोगापासून माझ्या साहेबाच्या विसरभोळेपणापर्यंत सगळं सांगून झालं, तशी नाडी उतरली. शिरेतून औषध सोडून तपासणी झाली. बाहेर आले ते एवढंच म्हणाले, “अंगातून ऊन पाणी गेल्यावानी झालं.”

एक स्टेंट मोकळा निघाला. दुसऱ्यात मात्र आतून पेशी वाढून रस्ता आवळत आला होता. मनगटातून नळी घालून खात्री करायची आणि तिथंच फुग्याने तो मोकळा करायचा, असं ठरलं. साडूंनी माझा हात धरला, आणि या खेपेला ठोके मोजले नाहीत. मुलांना फोन मीच केला.

सगळं नीट पार पडलं. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर शेजारच्या खाटेवरच्या परभणीच्या गृहस्थांशी त्यांची गट्टी जमलेली. त्यांनाही दोन स्टेंट! “तुमाला कोणत्या नसेत?” “मशीनमंदी श्वास किती येळ धरला?” दोघे रंगात आले होते. माझ्याजवळ त्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. त्या अनोळखी माणसाचा मला जेवढा हेवा वाटला, तेवढा साडूंचाही कधी वाटला नसेल. डबा स्टुलावर ठेवला आणि मी खुर्ची साडूंच्या खाटेकडे जरा पुढे ओढून घेतली.