ऑपरेशनच्या दारातली मावशी

कान-नाक-घशाच्या वॉर्डात डॉक्टर बदलले, नर्सा बदलल्या, मावशी तीच. पगार आयाचा, पण खरं काम ऑपरेशनच्या दारात. आईच्या कडेवरचं पोर घ्यायचं आणि आत न्यायचं. टॉन्सिल काढायला आलेली पोरं म्हणजे तिखट जात. एकानं तिच्या दंडाला असा चावा घेतला की सगळे धावले. ही म्हणाली, "दात शाबूत आहेत बरं का, घशाचंच काय ते बघा."

"दुखणार नाही" असं ती कुठल्याच पोराला सांगत नाही. "दुखेल, मग कमी होईल," एवढंच.

एकदा एक चिमुरडी आली. नाकामागची गाठ वाढलेली, टॉन्सिल आवळ्याएवढे, तोंड सदा उघडं. झोपली की घोरायची आणि मध्येच श्वास अडकायचा. आई दचकून उठायची, कुशीवर वळवायची. सर्दी-तापामुळे दोनदा हुकलेली तारीख आता कुठे मिळाली होती. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंबही नको, अशी सक्त ताकीद होती.

"काही खाल्लंय?" नर्सनं विचारलं. आई, आजी, पोरगी, तिघींच्या माना नाही म्हणून हलल्या.

मावशीची रीत निराळी. आईला सहीला पाठवलं, आजीशेजारी बूड टेकलं आणि विचारलं, "आजी, काय दिलंत?"

"मी कशाला देऊ?"

"मी असते तर दिलं असतं. पोर भुकेनं कळवळलं की कुठल्या आजीचा हात गप्प बसतो?"

म्हातारी विरघळली. "एकच बिस्कीट गं. दुधात भिजवून, मऊ करून. उपाशीपोटी सुरी सोसवेल का लेकराला? पण सुनेला बोलू नको. जीव घेईल माझा."

"भुलीत असताना ते उलटून श्वासनळीत गेलं, तर जीव हिचा जाईल, आजी."

मावशी तडक भूल देणाऱ्या डॉक्टरकडे गेली. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर ढकललं. सून भडकली. "आई, तुमच्यापेक्षा वैरी बरा!"

मावशी मध्ये पडली. "भरवलं ते चुकलंच. पण सांगितलं की नाही? गप्प बसल्या असत्या तर आता काय करत होतीस, बाई?"

सुनेनं तोंड फिरवलं आणि पोरीला कडेवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं आजीलाच खाटेशी बसवलं. "आज हिच्या तोंडाची राखण तुमच्याकडे." झालं! म्हातारी धनावरच्या नागासारखी बसली. नर्स स्वतःची पाण्याची बाटली घेऊन जवळून गेली, तर तिच्यावरही फुत्कारली. हसायचं नाही म्हणता म्हणता सून हसलीच.

वेळ झाली तशी पोरगी मावशीच्या कडेवर चढली.

"दुखेल?"

"दुखेल. मग कमी होईल."

"तू येणार?"

"तू झोपेपर्यंत मी कुठं जाते?"

दुपारी पोरगी खाटेवर परतली. जागी झाली, चिडून रडली, थोडं गार पाणी प्याली आणि कुशीवर झोपली. तेवढ्यात आजीची हाक आली, "मावशे, धाव! पोरीचा घोरण्याचा आवाजच येईना!"

मावशी आली, वाकली, पोरीच्या छातीकडे बघितलं. मग आजीचा हात धरून पोरीच्या नाकाशी नेला.

"आवाज कशाला हवाय, आजी? वारा लागतोय ना हाताला?"

लागत होता. सुनेनंही हात पुढं केला. दोघी तशाच बसून राहिल्या, आणि मावशी पुढचं पोर घ्यायला दारात गेली.