अळणी आक्का

आमच्या सासूबाईंच्या हातचं मीठ कधी चुकलं नाही, आणि शेवटच्या वर्षांत त्यांनी ते कधी चाखलंही नाही. आमटीला उकळी आली की मडक्यातलं चिमूटभर मीठ तळव्यावर चोळून टाकायच्या आणि भाकरीकडे वळायच्या. स्वतःची आमटी मात्र त्याआधीच वाटीत काढून ठेवलेली असायची. निपाणीत आमच्या गल्लीत सगळे त्यांना अळणी आक्का म्हणत. मी आत्ती म्हणायची.

त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझे मालक, लढाईवर गेले त्या दिवसापासून हे सुरू झालं. बेळगावच्या स्टेशनात गाडी हलली तेव्हा मी रडून गोंधळ घातला. आत्ती नुसत्या उभ्या होत्या. घरी आल्या, चुलीपुढं बसल्या आणि म्हणाल्या, "शिवा उंबऱ्यात पाय ठेवंस्तोवर मी मीठ तोंडाला लावणार न्हाय. तू खायाचं. दोघींत एकीनं सोडलं तर बास झालं." विचारायची सोयच ठेवली नाही.

म्हणून त्या काही गंभीर चेहऱ्यानं वावरत नव्हत्या. तंबाखूच्या वखारीत आम्ही दोघी कामाला जायचो. तिथं एकीनं त्यांना चिडवलं, "आक्का, तुझी आमटी बैलानं बी तोंडात घ्यायची न्हाय." आत्ती पानं निवडता निवडता म्हणाल्या, "बैलाला लई नखरं असत्यात बाई. त्याला बी पेंडीत मीठ लागतंय. मी त्याच्यापरीस गुणाची." सगळी वखार हसली, आणि हसता हसता तंबाखूच्या खकाण्यानं खोकत बसली.

त्यांचं माहेर गुंजीकडचं, रानातलं. तिकडच्या बऱ्याच बायकांच्या गळ्याला गाठ असायची, तशी त्यांच्याही गळ्याला होती, लिंबाएवढी. मुलगा लढाईवर गेल्यावर ती वाढायला लागली. पदर गळ्याभोवती ओढून घ्यायची त्यांना सवय लागली. झोपेत श्वास घरघरायचा, आणि मी अंथरुणावर जागी पडून तो ऐकत राहायची. शेवटी ओढतच त्यांना डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर भला माणूस. त्यांनी औषध मिसळलेल्या मिठाचा एक डबा दिला. "विलायतेत हल्ली मिठातच हे घालतात. घरचं साधं मीठ बंद करा, रोजच्या स्वयंपाकाला हेच वापरा," ते म्हणाले. आत्तींनी हात जोडले, डबा पदराखाली घेतला आणि डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा पाळला. त्या दिवसापासून आमचा सगळा स्वयंपाक त्या मिठात होऊ लागला. ते मीठ खाणारं माणूस मी एकटीच. माझ्या गळ्याला काही झालेलं नव्हतं.

मी भांडले. "आत्ती, हे मीठ न्हाय, औषध हाय!"

"खारट लागतंय न्हवं? मग मीठच की."

मिठाशिवाय नुसत्या औषधाचे थेंब द्या म्हणून मी डॉक्टरांकडं गेले, तर लढाईमुळं त्यांच्याकडं मुंबईचा माल येत नव्हता. मग मी डब्यातलं उरलेलं मीठ आत्तींसाठी झाकून ठेवलं आणि पुन्हा मडक्यातलं साधं मीठ वापरू लागले. एके दिवशी मात्र राहवलं नाही. त्यांच्या वाटीत डब्यातलं चिमूटभर मिसळलं.

पहिला घास त्यांनी तळहातावर काढला. मोरीत जाऊन चूळ भरून आल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुला माझी काळजी, ठावं हाय मला," त्या म्हणाल्या, "पर पोरी, मी मीठ खाल्लं आणि तिकडनं काय वंगाळ कळलं, तर तू माझ्या तोंडाकडं बघशील काय?"

मला आत्ती हव्या होत्या आणि नवराही हवा होता. नवसाबिवसावर माझा विश्वास नाही, असं मी आज म्हणते. त्या दिवशी छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं.

पुढं ह्यांची पत्रं थांबली. लढाई संपल्याचं कळलं, शेजारच्या गावातली माणसं परत आली, आमचं दार तसंच. आत्तींनी अंथरूण धरलं. घशाखाली पेजेशिवाय काही उतरेना, मग पेजही अडखळू लागली.

आणि एका दुपारी कोल्हापूरच्या मोटारीतून हे उतरले. इतके वाळलेले, की मी आधी ओळखलंच नाही. हे धावत आत यायला लागले तर आत्तींनी हातानं थांबवलं. "उंबऱ्यात पाय ठेव. नीट." ह्यांनी पाय ठेवला. आत्तींनी डोळे मिटले, आणि मग मला म्हणाल्या, "पेजंत मीठ घाल गं."

मी फळीवरचा डबा काढला. "डॉक्टरांचं घालते, आत्ती."

"आता त्येचं काय काम? मडक्यातलं घाल. आपलं."

मी जेमतेम चिमूटभर घातलं. ह्यांनी आईला मांडीवर टेकवून घेतलं, मी वाटी ओठाला लावली. घोट खाली उतरेना. तो त्यांनी तसाच जिभेवर धरून ठेवला, थोडा ओठाच्या कडेनं ओघळला. "लई खारट केलंस," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. त्याच आठवड्यात आत्ती गेल्या.

त्या दुपारी ह्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या हातून वाटी घेऊन ह्यांनी उरलेली पेज पिऊन टाकली आणि म्हणाले, "बरोबर हाय की मीठ."